राजीनामा देण्याआधी थकवा कशाचा ते शोधा

राजीनाम्याचे ईमेल बहुधा रात्री येतात. मनुष्यबळ विभागात काम करताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. रविवारी रात्री अकराच्या पुढे, नाहीतर वेतनवाढीचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी, नाहीतर मोठ्या रजेवरून परतल्याच्या पहिल्या आठवड्यात. मजकूर दोन ओळींचा, कारण ‘वैयक्तिक’. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला समोर बसवून ‘पुढे काय ठरवलंय?’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘आधी इथून सुटू दे मॅडम, मग बघू.’

यातल्या काहींचा निर्णय अगदी बरोबर असायचा. काही जण मात्र सहा-आठ महिन्यांत दुसऱ्या कंपनीत त्याच प्रकारच्या कामात, तितकेच थकलेले भेटायचे. आगीतून फुफाट्यात पडलेले. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची ती तिसऱ्या गटाची. ही माणसं राजीनामा देत नाहीत, तक्रार करत नाहीत, रजाही घेत नाहीत, आणि एके दिवशी घरून फोन येतो की त्यांना दवाखान्यात दाखल केलंय.

आपल्याला नेमकं कशाने थकवलं, याचा शोध घ्यायचा या सगळ्यांचाच राहून गेलेला असतो. कामाच्या ओझ्याने आलेला थकवा आणि अन्यायाने आलेला थकवा अंगात सारखाच जाणवतो, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात नोकरी बऱ्याचदा वाचवता येते. दुसऱ्यात ती बऱ्याचदा सोडावीच लागते. हा फरक कळायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ स्वतःला द्या, एवढ्यासाठी हा लेख.

सुरुवात शरीरापासून करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी ती स्थिती आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: ताकद संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि कामाची गुणवत्ता खालावणं. रोजच्या भाषेत सांगायचं तर आठ तास झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, ग्राहकाचं नाव फोनवर दिसलं की आधी चीड येते, आणि जी एक्सेल शीट पूर्वी डोळे मिटून करायचात ती तीनदा तपासूनही चुकते. यातली पहिली खूण एकटीच असेल, तर तुम्ही दमला आहात, इतकंच. तिन्ही एकत्र, आणि काही महिने टिकून असतील, तर मात्र प्रकरण एखाद-दुसऱ्या रविवारच्या विश्रांतीने आवरणारं नाही.

पण थकवा दिसला की लगेच नोकरीवर खापर फोडू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, बायकांमध्ये थायरॉइड आणि रक्तक्षय वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो, आणि रात्री मोठ्याने घोरणाऱ्या माणसाची झोप बऱ्याचदा पुरी होत नाही. यातलं काही निघालं तर आधी त्यावर उपचार घ्या.

दुसरी तपासणी मनाची. बर्नआउट आणि नैराश्य यांत ढोबळ फरक असा, की बर्नआउटमध्ये कामापासून लांब गेल्यावर माणूस हळूहळू खुलतो. मित्रांत बसल्यावर हसतो, आवडीचं जेवण चवीने खातो. नैराश्यात सुट्टीतही काहीच आवडेनासं होतं, झोप आणि भूक दोन्ही बिघडतात, आपण निकामी आहोत असं वाटत राहतं. हा फरक घरबसल्या करू नका. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांचे उपचार शारीरिक आजारांप्रमाणेच धरायचे आहेत. मात्र रुग्णालयात दाखल न होता तपासणी करून घेतली तर तिची फी बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही, हे माहीत असू द्या. जगणं नकोसं झालंय, असं एकदाही मनात येऊन गेलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नोकरीचा निर्णय त्यानंतर.

मग विश्रांती. इथे लोक सर्वांत जास्त कंजुषी करतात. शिल्लक रजा तीस-चाळीस दिवसांची आणि घेतलेली रजा शुक्रवार जोडून तीन दिवसांची, त्यातही लॅपटॉप सोबत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवायची मुभा आहे. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू नसला तरी बहुतेक कंपन्यांत साठवलेल्या रजेचे नियम असतात. ते वाचा. सलग दहा दिवसांची तरी रजा टाका. कामाचं व्हॉट्सॲप बंद ठेवा. फोन फक्त एका सहकाऱ्याचा घ्यायचा, आणि तोही खरोखर अडलं तरच, हे जाण्याआधी सांगून ठेवा.

आणि ही रजा गणपतीत गावी जाण्यात घालवू नका. गणपतीला जरूर जा, पण ती विश्रांती नव्हे. विशेषतः बाईसाठी तर ते ऑफिसपेक्षा जास्त काम असतं. पंचवीस माणसांचा स्वयंपाक, येणारे-जाणारे, आरतीची तयारी. तिथून परतलेली बाई सोमवारी कामावर जाते तेव्हा ती रजेवर होती असं कुणी म्हणू नये.

बायकांच्या थकव्याबद्दल इथे थांबून बोलायला हवं, कारण त्यांना मिळणारा सल्ला नेहमी एकच असतो: ‘झेपत नाही ना, मग सोड नोकरी. घरी थांब.’ प्रेमाने दिलेला असतो, म्हणून तो जास्त घातक. पहाटे साडेपाचला उठून चार डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधं, मग लोकल किंवा स्कूटर, नऊ तास काम, आणि परत आल्यावर रात्रीचा स्वयंपाक. हे सगळं उरकून ती दमली तर दोष फक्त नोकरीचा कसा? मी अशा कितीतरी जणींच्या राजीनाम्यानंतरच्या मुलाखती घेतल्या. ‘घरी मदत असती तर सोडली असती का?’ असं विचारलं की क्षणभर त्या गप्प व्हायच्या आणि म्हणायच्या, ‘नसती सोडली.’ त्या क्षणी राजीनामा स्वीकारताना मला फार वाईट वाटायचं. पोळ्यांना बाई लावायचे तीन-चार हजार रुपये घराला जड वाटले होते, आणि तिचा पस्तीस हजारांचा पगार मात्र एका झटक्यात सोडून दिला होता. मैत्रिणींनो, आधी घरच्या कामाची वाटणी करून बघा. नवऱ्याला, मोठ्या मुलांना ठरावीक कामं नेमून द्या, ‘मदत’ म्हणून नव्हे तर त्यांची म्हणून. दोन महिने हे करूनही ऑफिस तितकंच जड वाटलं, तर नोकरीचा विचार करा. चाळिशीत सोडलेली नोकरी पाच वर्षांनी त्याच पगारावर परत मिळणं फार अवघड असतं, आणि आपल्या नावावर दरमहा येणारा पैसा बाईच्या घरातल्या शब्दाला वजन देतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

विश्रांती झाली की कारण शोधायला बसा. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी बर्नआउटवर आयुष्यभर संशोधन केलं. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत तयार केलेली प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. पुढे मायकेल लायटर यांच्याबरोबर त्यांनी अशी मांडणी केली की माणूस आणि काम यांचा मेळ सहा बाबतींत बिघडतो: कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. एका वहीच्या पानावर हे सहा शब्द लिहा. प्रत्येकापुढे गेल्या महिन्यातला एकेक प्रसंग लिहा, तारखेसह. भावना लिहू नका, प्रसंग लिहा. ‘बॉस वाईट आहे’ हे काही कामाचं नाही. ‘१२ तारखेला माझं प्रेझेंटेशन त्याने स्वतःच्या नावाने वर पाठवलं’ हे कामाचं आहे. तास-दीड तासात बहुतेकांना दिसतं, की एक-दोन शब्दांपुढे जागा पुरत नाही आणि बाकीचे रिकामे आहेत.

माझा अनुभव असा की भार, ताबा आणि काही प्रमाणात मोबदला या गोष्टी एकट्या कर्मचाऱ्याने जोर लावला तर बदलतात. माणसांचं कधी जमतं, कधी नाही. विभाग बदलून मिळाला तर सुटतं. न्याय आणि मूल्यं मात्र तुमच्या एकट्याच्या प्रयत्नाने बदलत नाहीत. त्यासाठी वरची माणसं बदलावी लागतात, आणि ती तुमच्या हातात नसतात.

दोन माणसांची हकिगत सांगते. एक हिंजवडीत टीम लीड होता. सकाळी भारतातल्या टीमचा स्टँड-अप, रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या ग्राहकाचा कॉल, मध्ये दोन प्रोजेक्टांवर पन्नास-पन्नास टक्के अ‍ॅलोकेशन, जे प्रत्यक्षात ऐंशी-ऐंशी होतं. रिलीजच्या आठवड्यात शनिवारही जायचा. वाकडच्या घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली. त्याचे तास मोजले तर आठवड्याला साठाच्या पुढे जात होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. सत्तर तास काम करा असं सांगणाऱ्या उद्योगपतींची भाषणं गाजतात, त्यांच्या शेजारी हे आकडे ठेवून पाहावेत.

त्याच्या पानावर ‘भार’ या शब्दापुढे सोळा प्रसंग होते, ‘न्याय’ पुढे एकही नव्हता. मॅनेजर कामात बुडालेला होता, पण सरळ होता. मी त्याला म्हटलं, राजीनामा देण्याआधी एक बैठक घे, पण ‘मला ताण येतोय’ म्हणून जाऊ नकोस. ताणाला मॅनेजरकडे उत्तर नसतं. तो म्हणेल, ‘सगळ्यांनाच आहे रे.’ एक कागद घेऊन जा. डावीकडे तू करतोस ती सगळी कामं, प्रत्येकापुढे आठवड्याचे तास. खाली बेरीज. उजवीकडे, यातली कोणती तीन कामं तुझ्याकडून काढता येतील, ती कुणाला देता येतील आणि किती तारखेपर्यंत. मग विचार, ‘सर, यातलं कोणतं काम मी केलं नाही तर चालेल?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आता निवड मॅनेजरला करायची असते. बैठक संपली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाक: आज असं असं ठरलं, अमुक तारखेपासून.

त्याला रात्रीचे कॉल आठवड्यात दोनवर आणून मिळाले आणि दुसऱ्या प्रोजेक्टातून सहा आठवड्यांनी मोकळं केलं. सगळं मागितलेलं मिळालं नाही. पण तो आजही त्याच कंपनीत आहे आणि बरा आहे.

दुसरी एका खाजगी बँकेच्या शाखेत होती, नाशिकला. सव्वानऊला हडल, त्यात प्रत्येकाने उभं राहून आज किती पॉलिसी, किती खाती ‘कमिट’ करणार हे सांगायचं. दुपारी ग्रुपवर आकडे, संध्याकाळी सातला कॉन-कॉल, आणि ज्याचा आकडा शून्य त्याला सगळ्यांसमोर झापणं. तरीही तिला थकवलं ते या आरडाओरडीने नाही. ठेवीचं नूतनीकरण करायला आलेल्या एका निवृत्त शिक्षकांना तिने वरून आलेल्या दबावाखाली पाच वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी विकली. त्यांना वाटलं ठेवच आहे. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा निरोप गेला तेव्हा ते पिशवीत कागद घालून शाखेत आले आणि तिच्याच टेबलासमोर बसून म्हणाले, ‘बाळा, हे काय आहे ते जरा समजावून सांग.’ तिला सांगता आलं नाही.

तिने बदली मागितली, मिळाली. दुसऱ्या शाखेत तेच. पगारवाढ मिळाली, तरी रात्री झोप नव्हती. तिच्या पानावर ‘मूल्यं’ या शब्दापुढचा रकाना भरला होता आणि बाकीचे पाच जवळजवळ मोकळे. अशा वेळी कामाचं नियोजन, योगासनं, सुट्टी यांचा उपयोग मर्यादित असतो. तिला मी स्पष्ट सांगितलं की इथून निघ, आणि निघण्याची तयारी आजपासून कर. निघायला तिला सात-आठ महिने लागले. पगार कमी झाला. आता ती एका सहकारी पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळते.

तुमचं पान या दोघांपैकी कुणासारखं आहे, ते पाहा. भार किंवा ताबा असेल तर बोलून, लिहून, प्रोजेक्ट बदलून, शिफ्ट बदलून पाहा आणि दोन महिने मोजा. काय बदललं, याचा हिशेब आश्वासनांवर करू नका, कॅलेंडरवर करा. न्याय किंवा मूल्यं असतील तर दोन महिने वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. तो वेळ बाहेरची नोकरी शोधण्यात घाला. आणि राजीनामा दिल्यावर कंपनीने पगार वाढवून थांबायला सांगितलं, तर पानाकडे परत बघा. कारण पैसा नव्हतं, तर पैशाने ते मिटणारही नाही. असे थांबलेले बरेच जण वर्षभरात पुन्हा निघतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

काही प्रसंगांत मात्र पानं भरत बसू नका. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं असेल, तुमच्याकडून खोट्या सह्या किंवा बेकायदेशीर व्यवहार करवून घेतले जात असतील, तर पुढची नोकरी हातात नसली तरी निघा. लैंगिक छळ होत असेल तर राजीनामा हा एकमेव मार्ग नाही. २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. गप्प निघून गेलात तर तो माणूस पुढच्या मुलीसाठी तिथेच बसलेला असतो.

आता पैसा. यावर घराघरांत भावनेने बोललं जातं, हिशेबाने नाही. एक साधं उदाहरण घ्या. घरखर्च ३५,००० रुपये, फ्लॅटचा हप्ता ३२,०००, मुलाची फी ८,०००, आई-वडिलांची औषधं ५,०००. महिन्याला ८०,००० झाले. हातात पुढची नोकरी नसताना सोडायची असेल, तर सहा महिन्यांचे ४,८०,००० रुपये बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत हवेत. शेअर किंवा दागिने यात धरू नका. जोडीदाराचा पगार चालू असेल तर तेवढी रक्कम कमी करा. त्यात विम्याचा हप्ता मात्र मिळवा.

विम्याचं बहुतेकांना शेवटच्या दिवशी लक्षात येतं. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो आणि त्यात आई-वडील असतील, त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तिथे आधीच्या वर्षांचा फायदा मिळतो. नोटीस पीरियडच्या पहिल्याच आठवड्यात याची चौकशी करा. शेवटच्या दिवसानंतर गेलात तर हा फायदा हातचा जाऊ शकतो.

ग्रॅच्युइटीची तारीख पाहिलीय का? सलग पाच वर्षं झाली की ती मिळते: ग्रॅच्युइटीसाठी धरलं जाणारं शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ही रक्कम ४०,००० असेल तर पाच वर्षांचे साधारण १,१५,००० रुपये होतात. चार वर्षं आणि आठ महिने झालेल्या माणसाने तब्येत धोक्यात नसेल तर आणखी चार महिने काढावेत, असं माझं मत आहे. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. त्यांनी मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावं.

भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नका. पाच वर्षांच्या सेवेआधी काढला तर त्यावर कर लागतो, आणि दहा वर्षांची सेवा भरली तरच पुढे निवृत्तिवेतन मिळतं. ही वर्षं नोकऱ्या बदलल्या तरी जोडली जातात, फक्त खातं वळतं करून घ्यायला हवं. ते वळतं करताना लोक अडकतात ते एका क्षुल्लक गोष्टीत: जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरलेली नसते. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतःही भरू शकता. पगाराच्या खात्याचंही तसंच. पगार येणं थांबलं की काही महिन्यांत ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसेल तर काही बँकांत दंड लागतो.

नोटीस पीरियड वाचा. नव्वद दिवसांचा असेल तर पुढची कंपनी तीस दिवसांत बोलावते आणि उरलेल्या साठ दिवसांची रक्कम कोण भरणार यावर घोळ होतो. पुढची नोकरी ठरवून निघत असाल, तर नियुक्तिपत्र सही होऊन हातात येईपर्यंत राजीनामा पाठवू नका. तोंडी ‘तुमचं झालंय’ यावर विसंबून हातचं सोडलेल्या माणसांचे फार हाल होतात. निघताना कार्यमुक्ती पत्र आणि अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ व शेवटच्या तीन-सहा महिन्यांच्या पगारपावत्या लॅपटॉप परत करण्याआधी काढून घ्या. कंपनीची एकही फाइल सोबत घेऊ नका.

शेवटचा टप्पा घरी सांगण्याचा, आणि तोच अनेकांना राजीनाम्यापेक्षा जड जातो. ज्यांनी एकाच खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्तिवेतन घेतलं, त्या आई-बाबांना ‘मी थकलोय’ हे कारण कळत नाही. त्यांची भीती खोटी नाही. त्यांनी घरातली एकच मिळकत कशी जपली जाते ते पाहिलंय. लग्न ठरायचं असेल तर आणखीच. त्यांच्याशी वाद घालू नका. वरचा हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा: इतके पैसे आहेत, इतके महिने पुरतील, विमा असा केला आहे, आणि अमुक तारखेपर्यंत मनासारखं काम मिळालं नाही तर मी जे मिळेल ते घेईन. ती तारीख नुसती बोलायची म्हणून नको. दोन महिन्यांचे पैसे उरले की हातात येणारं, अंगाला झेपणारं काम घ्यायचंच. तुमच्या बायकोला किंवा नवऱ्याला मात्र हे सगळ्यात आधी, कागद तयार होण्याच्याही आधी सांगा. राजीनामा पाठवल्यावर घरी कळणं, हे थकलेल्या घराला आणखी एक ओझं देतं.

आणि नोकरी सोडलीत तर पहिले तीन आठवडे मुलाखती देऊ नका. ज्याला रात्री झोप लागत नाही, तो समोरच्या पॅनेलपुढे चांगला दिसत नाही, आणि घाईत हाती आलेलं पहिलं काम बऱ्याचदा आधीच्यासारखंच निघतं. मुलाखतीत ‘मध्ये खंड का?’ असं विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा की तब्येतीसाठी थांबलो होतो, आता बरा आहे, आणि कामाकडे वळा. जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलू नका, ती कितीही वाईट असली तरी. त्याऐवजी तुम्ही प्रश्न विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि का गेलं? रात्रीचे कॉल आठवड्यात किती? टीममधल्या एकाशी मला दहा मिनिटं बोलता येईल का? यातल्या शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी टाळाटाळ करते, तिथे मी माझ्या घरच्या माणसाला जाऊ देणार नाही.

हे वाचून आज रात्री कुणी राजीनामा पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. उद्या ऑफिसात गेल्यावर शिल्लक रजा किती ते पाहा आणि त्यातले दहा दिवस मागून घ्या. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. रजेच्या सातव्या-आठव्या दिवशी, झोप नीट झालेली असताना, ते सहा शब्द वहीत लिहा. ‘न्याय’ किंवा ‘मूल्यं’ यापुढची जागा पुरली नाही, तर त्या दिवसापासून निघायची तयारी सुरू करा आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागू नका.